मुलींसाठी तंत्रज्ञानाची संस्था काढताय? या चुका टाळा

मुलींना आणि महिलांना तंत्रज्ञानाकडे वळवण्यासाठी संस्था काढू इच्छिणाऱ्यांची पुण्यात वानवा नाही. हिंजवडी, खराडी आणि मगरपट्ट्यातल्या आयटी कंपन्यांत नोकरी करणारी मंडळी महिला दिनाच्या आसपास संस्थेच्या घटनेचा मसुदा तपासून घ्यायला माझ्याकडे येतात आणि मसुद्याच्या आधी बोधचिन्ह दाखवतात. उद्दिष्टांच्या पहिल्याच परिच्छेदात 1848 साल आणि भिडे वाडा हमखास असतो. वर्ग कुठे भरणार, किती वाजता भरणार आणि तिथे स्वच्छतागृह आहे का, हे मात्र शेवटच्या पानापर्यंत सापडत नाही.

पहिली चूक नोंदणीच्या घाईची आहे. संस्था नोंदणी अधिनियम, 1860 खाली संस्था काढायला किमान सात व्यक्ती लागतात आणि महाराष्ट्रात तिची नोंद महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम, 1950 खालीही होते. सात नावे पूर्ण करायची म्हणून जेवणाच्या सुट्टीत शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्यांच्या सह्या घेतल्या जातात. माझ्या ओळखीच्या एका गटाने अगदी हेच केले. पुढे त्यांतील दोघे बंगळुरूला गेले, एक जण ऑनसाइट, म्हणजे कंपनीच्या कामासाठी परदेशात गेला तो तिकडेच राहिला आणि एकीने घरच्या अडचणींमुळे राजीनामा व्हॉट्सअ‍ॅपवर कळवला. वर्ग चालू होते, मुली येत होत्या, त्यामुळे कागदांकडे कोणाचेच लक्ष नव्हते. एका कंपनीने निधी देण्याची तयारी दाखवून ‘शेड्यूल वन’चा, म्हणजे धर्मादाय कार्यालयातल्या विश्वस्तव्यवस्थांच्या नोंदवहीचा उतारा मागितला, तेव्हा त्यावर जुनीच सात नावे निघाली. विश्वस्तांमधला कोणताही बदल नव्वद दिवसांच्या आत विश्वस्तव्यवस्था अधिनियमाच्या कलम 22 खाली चेंज रिपोर्ट देऊन कळवायचा असतो, हे तोवर कोणाच्या गावीही नव्हते. बँकेने सह्या बदलून द्यायला नकार दिला, खात्यातून भाड्याचा धनादेशही निघेना, आणि कार्यकारिणीच्या जुन्या सभांची इतिवृत्ते शोधण्यापासून सुरुवात करावी लागली. कंपनी अर्थातच थांबली नाही.

म्हणून माझा आग्रह असा की आधी वर्ष-दीड वर्ष वर्ग चालवावा आणि त्या काळात जे दर आठवड्याला न चुकता येतात, त्यांनाच विश्वस्त करावे. ज्याने पावसात एकदाही प्रोजेक्टर वाहिलेला नाही, त्याचे नाव घटनेत कशाला हवे? दोन-तीनच भरवशाची माणसे असतील तर कंपनी कायद्याच्या कलम 8 खालच्या ना-नफा कंपनीचा पर्याय सनदी लेखापालाशी बोलून पाहावा. नोंदणी होईपर्यंत लोकांकडून वर्गणी मात्र गोळा करू नये. गणेशोत्सव मंडळे विश्वस्तव्यवस्था अधिनियमाच्या ज्या कलम 41क खाली धर्मादाय कार्यालयाची परवानगी घेतात, ते कलम आपल्या चांगल्या हेतूकडे पाहून शिथिल होत नाही.

दुसरी चूक मला जास्त खुपते, कारण तिचे खापर मुलींवर फोडले जाते. वस्तीतल्या मुलींसाठी बाणेरच्या एका चकचकीत कार्यालयात रविवारी सकाळी दहाला वर्ग ठेवायचा आणि महिन्याभरात पट रोडावला की “यांना आवडच नाही” असे म्हणून मोकळे व्हायचे, हा प्रकार मी इतक्यांदा पाहिला आहे की आता आधीच सांगून टाकते. जनता वसाहतीतल्या मुलीला बाणेरला यायचे तर बस बदलावी लागते, जाण्या-येण्याचे पैसे मागावे लागतात आणि सोबत कोण, या प्रश्नाचे उत्तर द्यावे लागते. शिवाय रविवारची सकाळ ही घरकामाची वेळ असते. आई चार घरची कामे उरकून येईपर्यंत धाकटी भावंडे हिच्याच अंगावर असतात.

अशाच एका बंद पडत चाललेल्या वर्गाची हजेरीवही मी मागून घेतली. प्रत्येक नावापुढे मोबाइल क्रमांक होता, परंतु त्यांतील बहुतेक क्रमांक वडिलांचे किंवा भावाचे होते. वर्गाची वेळ बदलल्याचा निरोप भावाने वाचला होता आणि तो तिथेच राहिला होता. आयोजकांना वाटत होते की मुली उत्तर देत नाहीत. मुलींना वाटत होते की वर्ग बंद झाला. यावर वर्ग वस्तीतल्याच महापालिकेच्या शाळेत शनिवारी दुपारी हलवला, पुढची तारीख फळ्यावर लिहून प्रत्येकीच्या वहीत उतरवून घ्यायला सुरुवात केली आणि पहिल्या दोन तासांना आयांना मागच्या बाकावर बसायला बोलावले. एक मुलगी धाकट्या भावाला मांडीवर घेऊन एका हाताने स्क्रॅच या मुलांच्या प्रोग्रामिंग भाषेचे पडद्यावरचे ठोकळे जोडत बसायची. तिला कोणी हटकायचे नाही, एवढा एकच नियम स्वयंसेवकांना घालून दिला. पट पुन्हा भरला, आणि त्यासाठी अभ्यासक्रमातले एक पानही बदलावे लागले नाही.

संगणक कमी असतात, म्हणून दोघींत एक द्यावा लागतो. तेव्हा जिच्या हातात माउस पहिल्यांदा येतो, तिच्याच हातात तो तासभर राहतो. दर दहा मिनिटांनी टाळी वाजवून जागा बदलायला लावाव्यात.

देणगीत आलेले जुने लॅपटॉप पाहून हुरळून जाऊ नये. माहितीच्या सुरक्षेसाठी कंपन्या त्यांतील हार्ड डिस्क काढून घेतात, काहींना बायॉसचा, म्हणजे यंत्र सुरू होतानाच विचारला जाणारा पासवर्ड तसाच असतो आणि चार्जर तर भलत्याच मॉडेलचे निघतात. मी प्रत्येक लॅपटॉप देणाऱ्याच्या दारातच चालू करून पाहते आणि जो चालू होत नाही, तो नम्रपणे परत करते. संकोच करणाऱ्यांच्या खोलीत भंगार साठते.

तेरा वर्षांच्या मुली आणि दहा वर्षांच्या खंडानंतर नोकरीवर परतू पाहणाऱ्या महिला यांना एका वर्गात बसवू नये. दुसऱ्या गटाला प्रोत्साहनापेक्षा सराव मुलाखती आणि कामाचा ताजा नमुना यांची गरज असते.

‘माझा प्रवास’ या विषयावरची भाषणे वर्षातून एकदा पुरेत.

स्वयंसेवकांच्या बाबतीत मात्र हयगय नको. अठरा वर्षांखालील मुलींसोबत कोणीही एकट्याने बसायचे नाही, खासगी संदेश पाठवायचे नाहीत आणि पालकांच्या लेखी संमतीशिवाय छायाचित्र काढायचे नाही, हे पहिल्या दिवशी सही घेऊन सांगावे. बालकांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणाऱ्या 2012 च्या पॉक्सो कायद्यानुसार अत्याचाराची माहिती मिळालेल्या व्यक्तीने ती पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. “आधी आपण आपसात बोलू” हा पर्याय त्यात नाही.

राहता राहिला पैसा. पहिल्याच वर्षी सीएसआर, म्हणजे कंपन्यांच्या सामाजिक जबाबदारीच्या निधीचे अर्ज भरत बसण्यात अर्थ नाही, कारण कंपनीने स्वतः स्थापन न केलेल्या संस्थेकडे तशा कामाचा किमान तीन वर्षांचा अनुभव असावा लागतो आणि त्यासोबत प्राप्तिकर सवलतीच्या नोंदणी (1961 च्या प्राप्तिकर कायद्यातील 12ए आणि 80जी) आणि कंपनी व्यवहार मंत्रालयाकडची सीएसआर-1 नोंदणीही लागते. याहून महागात पडते ती परदेशातल्या नातलगाची देणगी. भारतीय पासपोर्ट असलेल्या अनिवासी भारतीयाने स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत दिलेले पैसे परकीय योगदान ठरत नाहीत. परंतु अमेरिकेचे नागरिकत्व घेतलेल्या सख्ख्या मामाचे पैसे, त्यांच्याकडे परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीयांना मिळणारे ओसीआय कार्ड असले तरी, परकीय योगदानच ठरतात. ते घ्यायला 2010 च्या परकीय योगदान नियमन कायद्याखाली (एफसीआरए) नोंदणी किंवा पूर्वपरवानगी लागते आणि रक्कम स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या खात्यातच यावी लागते. तेव्हा मामांनी फोनवर कितीही आग्रह केला, तरी त्यांचा पासपोर्ट कोणत्या देशाचा आहे हे विचारल्याशिवाय त्यांना संस्थेचा खाते क्रमांक कळवू नये.