पीटीसी शिकायची असेल तर कमाल खान बघा

१४ जानेवारी २०२२. संक्रांत होती आणि मी एका एसटी डेपोत उभी होते. विलीनीकरणाच्या मागणीसाठी संप सुरू होऊन अडीच महिने होत आले होते. ऑफिसच्या ग्रुपवर मेसेज आला: एनडीटीव्हीचे पत्रकार कमाल खान गेले. पहाटे, लखनौला राहत्या घरी, हृदयविकाराच्या झटक्याने. वय ६१. आदल्या संध्याकाळी ते एनडीटीव्हीवर उत्तर प्रदेशच्या निवडणुकीबद्दल बोलत होते.

मी त्यांना कधी भेटले नाही. तरी पीटीसी, म्हणजे रिपोर्टर कॅमेऱ्याकडे बघून थेट प्रेक्षकांशी बोलतो तो भाग (पीस टू कॅमेरा), मी त्यांच्याकडूनच शिकले. म्हणून यंदा या क्षेत्रात पाऊल टाकणाऱ्यांसाठी हे लिहितेय.

माझी पहिली पीटीसी एका जळलेल्या घरासमोरची. मी सुरू केलं, 'आपण पाहू शकता की माझ्या मागे...' कॅमेरामन दादांनी कॅमेरा खांद्यावरून उतरवला. म्हणाले, 'मागचं मला दिसतंय गं. तुला काय कळलंय ते सांग.' त्या रात्री घरी येऊन मी कमाल खान यांच्या बातम्या लावल्या, एकामागून एक.

माइक हातात धरून हा माणूस शांत उभा राहायचा. आवाज चढवायचा नाही. अयोध्येसारख्या तापलेल्या विषयावरही वाक्य सावकाश पुरं करायचा, मध्येच तुलसीदासांची ओळ किंवा एखादा शेर यायचा. आणि तो नेमका त्या बातमीचाच वाटायचा, वरून चिकटवलेला नाही. टीव्हीत येण्याआधी ते एचएएल या सरकारी विमान कंपनीत रशियनचे अनुवादक होते, मग छापील वृत्तपत्रांत. शब्द तोलून वापरायची सवय तिथलीच असावी, असं मला वाटतं. नव्या मुलांना मी अजूनही सांगते, आधी वाचा. मराठी कविता पाठ करा, अभंग पाठ करा. पण ऐन वेळी शोधून ओळ टाकू नका. प्रेक्षकाला ते लगेच कळतं.

मी केलेला सराव सोपा होता. त्यांची बातमी पीटीसीच्या आधी थांबवायची आणि शेवट आपण लिहायचा. मग पुढचं ऐकायचं. माझ्या शेवटात बहुतेक वेळा व्हीओमध्ये, म्हणजे दृश्यांवर वाचलेल्या निवेदनात, येऊन गेलेलंच पुन्हा असायचं. त्यांच्या शेवटात चित्रात न दिसलेली गोष्ट असायची: त्या जागेचा इतिहास, कुणाचं तरी जुनं दुःख. महिनाभर हे केलंत तर स्वतःच्या स्क्रिप्टमधली भरताड डोळ्यांत खुपायला लागेल.

वीस सेकंदांत माझे जेमतेम चाळीस शब्द बसतात. त्यातले 'एकूणच', 'या ठिकाणी', 'पाहायला मिळत आहे' काढून टाकलेत तर सहा शब्दांची जागा मोकळी होते. बूम, म्हणजे चॅनेलचा माइक, छातीपाशी, लोगो कॅमेऱ्याकडे, बोलण्याआधी आणि नंतर पाच सेकंद गप्प. एडिटर दुवा देईल. बाकी तांत्रिक गोष्टी आठवड्यात येतात.

वेळ लागतो तो ऐकायला. बाइट, म्हणजे समोरच्याचं कॅमेऱ्यावरचं बोलणं, मिळाला की नवखा रिपोर्टर बूम मागे घेतो. घेऊ नका. माणूस खरं बोलतो ते बहुधा 'झालं?' असं विचारल्यानंतर.

त्या दिवशी डेपोत तसंच झालं. कंडक्टरच्या पत्नीचा बाइट झाला होता, मागण्या वगैरे सगळं रीतसर. मी बूम तसाच धरून उभी राहिले. तिने पर्समधून तिळगुळाची पुडी काढली, माझ्या हातावर दोन वड्या ठेवल्या आणि म्हणाली, 'दरवर्षी संक्रांतीला हे ड्युटीवर असतात. यंदा घरी आहेत, पण बोलतच नाहीत.'

मी पीटीसीला उभी राहिले. मागे बंद एसटी, चाकाखाली गवत उगवलेलं. संपाचा दिवस कितवा, मागण्या काय, हे व्हीओत येऊन गेलं होतं. मी फक्त तिचं वाक्य सांगितलं आणि नाव, डेपो सांगून थांबले. अकरा सेकंद. दादांनी आणखी पाच सेकंद कॅमेरा चालू ठेवला.