आयर्लंडच्या कैद्यांची उपोषणं वाचक मंडळात कशी मांडावीत

सुरुवात १९८१ च्या उपोषणात गेलेल्या बॉबी सँड्सच्या मृत्यूपासून करू नका. फळ्यावर आधी एकच शब्द लिहा: कपडे. ठाण्याच्या नौपाड्यातल्या आमच्या मंडळात निवृत्त शिक्षक, बँकेतली माणसं आणि कॉलेजची मुलं एकत्र बसतात, आणि या शब्दावर सगळेच बोलायला लागतात. कैद्यानं कुणाचे कपडे घालायचे यावरून माणसं मरणापर्यंत का गेली, हाच या विषयाचा गाभा आहे.

मग १९७२ वर या. उत्तर आयर्लंडमधल्या बेलफास्टच्या तुरुंगात आयआरए या ब्रिटिश सत्तेविरुद्ध लढणाऱ्या सशस्त्र संघटनेच्या बिली मॅकी आणि साथीदारांनी उपोषण केलं आणि ब्रिटिश सरकारनं खास दर्जा दिला: स्वतःचे कपडे, तुरुंगातल्या कामातून सूट. १ मार्च १९७६ नंतरच्या गुन्ह्यांसाठी हा दर्जा बंद झाला. त्या सप्टेंबरात किरन न्यूजंटनं गणवेश नाकारून अंगाभोवती घोंगडी गुंडाळली. १९७८ मध्ये अंघोळ बंद झाली, विष्ठा कोठडीच्या भिंतींना फासली जाऊ लागली. हे सांगताना अवघडू नका आणि रंगवूही नका. आर्माच्या तुरुंगातल्या स्त्रियांनी १९८० मध्ये हाच मार्ग धरला. व्याख्यानांतून त्या हमखास गळतात, म्हणून मी त्यांना मुद्दाम वेळ देते.

इथे फळ्यावर इंग्रजी एच काढा. हे सगळं जिथे चाललं त्या मेझ तुरुंगातल्या इमारती तशाच होत्या: चार बाजूंना कोठड्या, मधल्या आडव्या पट्टीत पहारेकरी. ‘एच ब्लॉक’ हे नाव मग वेगळं समजावावं लागत नाही.

सर्वात जास्त वेळ दोन उपोषणांतल्या फरकाला द्या. २७ ऑक्टोबर १९८० ला सात जण एकाच दिवशी बसले. शॉन मॅकेना मरणाच्या दारात पोचला, तेव्हा ब्रेंडन ह्यूजनं ५३ व्या दिवशी उपोषण थांबवलं. एकाचा जीव वाचवायचा तर सगळ्यांनाच उठावं लागत होतं. पुढच्या वेळी त्यांनी रचना बदलली. १ मार्च १९८१ ला सँड्स एकटा बसला, बाकीचे थोड्याथोड्या अंतरानं. त्यामुळे एक गेला तरी दुसऱ्याची वेळ जवळ येत राहिली, आणि दबाव महिनोन्‌महिने टिकला. या उपोषणात गेलेल्या दहाही जणांची नावं मृत्यूच्या तारखेसह एकाखाली एक लिहा. ५ मेपासून २० ऑगस्टपर्यंतची ती यादी पुरेशी बोलते.

सँड्सची निवडणूक विसरू नका. ९ एप्रिलला तो तुरुंगातूनच ३०,४९२ मतं मिळवून ब्रिटिश संसदेचा खासदार झाला आणि ६६ व्या दिवशी, २७ व्या वर्षी गेला. त्याच वर्षी कायदा बदलून वर्षाहून अधिक शिक्षा भोगणाऱ्या कैद्याला उमेदवारी बंद केली गेली.

‘सलाइन लावून, नळी घालून वाचवलं का नाही?’ हा प्रश्न येतोच. उत्तरासाठी मागे जा. १९१७ मध्ये डब्लिनला टॉमस अ‍ॅश सक्तीनं अन्न भरवताना झालेल्या इजेनं मेला. १९७४ मध्ये मायकेल गॉनच्या मृत्यूनंतर ब्रिटननं ही सक्ती सोडली.

टेरेन्स मॅकस्विनीला मी शेवटाकडे ठेवते. कॉर्कचा हा महापौर १९२० मध्ये ब्रिक्स्टनच्या तुरुंगात ७४ दिवसांनी गेला. त्याला धरूनच जतीन दासकडे या. लाहोरात, १९२९ मध्ये, ६३ दिवस. मागणी राजकीय कैद्याच्या वागणुकीची. मॅकस्विनीच्या घरच्यांनी तेव्हा शोकाची तार पाठवली होती. आणि ठाणेकरांना आपल्या किल्ल्यातल्या कारागृहाची आठवण द्या. १९ एप्रिल १९१० ला अनंत कान्हेरे आणि त्यांच्या दोन साथीदारांना तिथेच फाशी झाली. कायद्याच्या लेखी ते खुनी होते, लोकांच्या लेखी क्रांतिकारक. खुनी की राजकीय कैदी, हा मेझमधला वाद इथे कुणालाच परका वाटत नाही.

एक पथ्य पाळा. त्या दहा जणांसाठी माझा जीव तुटतो, तरी आयआरएनं त्या वर्षांत मारलेल्या तुरुंग कर्मचाऱ्यांबद्दल मी तितकंच स्पष्ट बोलते. त्यांनाही घरदार होतं. ही बाजू कुणी विचारेपर्यंत थांबू नका, आपणहून मांडा.

‘मिळालं काय?’ याचं उत्तर नेमकं द्या. ३ ऑक्टोबर १९८१ ला उपोषण संपलं. तीन दिवसांनी सरकारनं सर्व कैद्यांना स्वतःचे कपडे घालायची मुभा जाहीर केली. इतर मागण्या पुढे टप्प्याटप्प्यानं बऱ्याचशा पदरात पडल्या, पण राजकीय कैदी हा दर्जा सरकारनं कधीच मान्य केला नाही.