थीम पार्कला जाताय? आधी पोरांची उंची मोजा

मागच्या दसऱ्याच्या सुट्टीत आम्ही पाचजण एका मोठ्या थीम पार्कला गेलो. मी, मुलांचे बाबा, आमची दोन मुलं आणि जाऊबाईंची मुलगी. रांगेत दिवस जाऊ नये म्हणून पाचहीजणांचे रांग टाळायचे पास घरूनच ऑनलाइन काढले होते. पहिल्याच मोठ्या राइडच्या तोंडाशी उंचीची पट्टी होती. धाकटा तिच्याखाली जाऊन उभा राहिला आणि त्यानं टाचा उचलल्या. तिथल्या माणसानं त्याच्या खांद्यावर हात ठेवून त्या हळूच खाली टेकवल्या. डोकं आणि पट्टी यांच्यात दोन बोटं अंतर राहिलं.

प्रगतिपुस्तकात 141 सेंटीमीटर लिहिलेली होती, त्यावर मी विसंबले. ती उंची बूट घालून घेतलेली होती. खरी उंची 137. पासात सात राइड होत्या, त्यातल्या पाचांना 140 ची अट. पैसे परत मिळणार नाहीत हे पासावर लिहिलेलंच होतं. पोरगं दिवसभर मनगटावरचा निळा कागदी पट्टा गोल गोल फिरवत बाकावर बसलं, आणि आम्ही मोठी माणसं त्याच्यासमोर पाळीपाळीनं राइडवर जाऊन आलो. ते मला अजून खातं. यंदा पुन्हा जायचं ठरतंय, गल्लीतल्या दोन घरांनीही विचारलं, म्हणून सगळं एकदाच लिहून ठेवते.

पहिलं काम, उंची मोजा. तिकीट काढायच्या आधी, सुट्टी टाकायच्या आधी, मुलांना सांगायच्याही आधी. अनवाणी उभं करा, टाचा आणि पाठ भिंतीला टेकवा, डोक्यावर जाड पुस्तक आडवं धरा आणि पुस्तकाखाली पेन्सिलीनं खूण करा. शिंप्याकडची कापडी टेप वापरू नका, जुनी झाली की ती ताणलेली असते. सुताराकडची लोखंडी टेप घ्या. मोजायचं ते रात्री झोपायच्या आधी. दिवसभर उभं राहून, चालून पाठीच्या मणक्यांमधल्या चकत्या दबतात आणि सकाळपेक्षा माणूस साधारण एक सेंटीमीटर बुटका होतो. पार्कात पट्टीखाली उभं राहायची वेळ दुपारची असते, त्यामुळे सकाळचं 140 तिथं 139 भरलं तर आश्चर्य नाही. मुलींचा वर उंच बांधलेला अंबाडा मोजणीत धरू नका, तिथंही कोणी धरत नाही.

मग त्या पार्कच्या संकेतस्थळावर जाऊन एकेका राइडची अट बघा. प्रत्येक राइडची वेगळी असते. उलटं करणाऱ्या, उंचावरून सोडणाऱ्या मोठ्या राइडना बहुतेक 140 च्या आसपास, मधल्यांना त्याहून कमी, छोट्यांना मोठ्या माणसासोबत बसायची मुभा. कागदावर प्रत्येक मुलाच्या नावापुढे 'चालेल', 'चालणार नाही' असं लिहून काढा. कंटाळवाणं आहे, तरी करा. आणि ज्याला चालणार नाही त्याला घरीच सांगा. राइडच्या तोंडाशी, शंभर माणसांसमोर कळायला नको.

उंचीवर तिकीटही ठरतं. बेंगळूरजवळच्या वंडरला पार्कात मुलाचं तिकीट वयावर मिळत नाही. उंची 140 च्या वर गेली की मोठ्याचं तिकीट, मग तो चौथीत असू दे नाहीतर सातवीत. म्हणून वय सांगून वाद घालू नका. घरून मोजून जा.

आता कुठं जायचं. बेळगाव, खानापूरकडच्यांना बिडदीचं वंडरला सोयीचं, कारण रात्रीची रेल्वे आहे. सहाशेच्या आसपास किलोमीटर झोपेत जातात. निपाणी-चिकोडीकडच्यांना खोपोलीजवळचं इमॅजिका जवळ पडतं, राष्ट्रीय महामार्गानं कोल्हापूर, सातारा, पुणे करत. दोन्हींत फरक आहे. वंडरला 2005 पासूनचं. तिथं एकाच तिकिटात जमिनीवरच्या आणि पाण्याच्या राइड येतात. इमॅजिका 2013 मध्ये सुरू झालं. तिथं थीम पार्क आणि वॉटर पार्क यांची तिकिटं वेगळी, दोन्ही एका दिवसात करायचं म्हटलं तर दोन्ही अर्धवट राहतात. आमच्यासारखं सगळ्या वयाचं कुटुंब असेल तर मी एकाच तिकिटाचं ठिकाण निवडेन, कारण 140 ला न पोचलेल्याला पाण्यात तरी दिवस घालवता येतो.

कधी जायचं, याचा फायदा आपण सीमाभागातले लोक घेतच नाही. आपल्या मुलांना कर्नाटकच्या वेळापत्रकाप्रमाणे दसऱ्याची मोठी सुट्टी असते, महाराष्ट्रातल्या शाळांना दिवाळीची. म्हणजे आपल्या दसऱ्यात बेंगळूरकडची पार्कं तुडुंब, आणि खोपोलीकडं शनिवार-रविवार आणि खुद्द दसरा सोडून त्या मानानं मोकळं. उन्हाळ्यात तेच. आपल्याकडं एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात सुट्टी लागते, तेव्हा महाराष्ट्रात अजून परीक्षा चालू असतात. एप्रिलच्या मधल्या मंगळवारी-बुधवारी तिकडं गेलात तर पास लागणारच नाही. आम्ही मागच्या वेळी जोडून आलेल्या सुट्टीच्या शनिवारी गेलो होतो. तसं करू नका.

आता पास. हा पास राइडची गंमत वाढवत नाही, फक्त रांगेतलं उभं राहणं कमी करतो. तेही ठरावीक राइडवर आणि बहुतेक ठिकाणी एका राइडला एकदाच. दुसऱ्यांदा बसायचं तर साध्या रांगेत. म्हणून पासाची यादी काढा आणि उंचीचा मघाचा कागद तिच्याशेजारी ठेवा. ज्या मुलाच्या नावापुढे निम्म्याहून जास्त 'चालणार नाही' आहे त्याचा पास काढू नका. चौघांचा काढतोय तर पाचव्याचाही काढू, त्याला वाईट वाटेल, हाच विचार मी केला होता. पास काढूनच त्याला जास्त वाईट वाटलं.

पास कुठल्या राइडला कामाचा, हे दहा मिनिटं बघून कळतं. एका फेरीत किती माणसं बसतात ते मोजा, आणि एक फेरी सुटल्यापासून दुसरी सुटेपर्यंत किती मिनिटं जातात ते घड्याळात बघा. 24 माणसं आणि तीन मिनिटं, म्हणजे तासाला 480 माणसं. तुमच्यापुढे 240 असतील तर अर्धा तास. हे झालं साध्या रांगेचं. पासवाल्यांना मध्ये मध्ये सोडतात, त्यामुळे गर्दीच्या दिवशी साधी रांग या हिशेबापेक्षा हळू सरकते. दोन रांगांमधून निम्मे निम्मे सोडत असतील तर अर्ध्या तासाचा सरळ एक तास होतो.

काही राइड मुळातच हळू असतात. वंडरलातला रिकॉइल बघा. गाडी पुढे जाते आणि त्याच रुळावरून उलटी मागे येते. अशा रुळावर दुसरी गाडी सोडताच येत नाही. पहिली परत येऊन माणसं उतरेपर्यंत सगळे थांबलेले. अशा एका गाडीच्या राइडला पास उपयोगी. उंच मनोऱ्यावरून खाली सोडणाऱ्या राइडचंही तसंच, एका वेळी थोडी माणसं आणि प्रत्येकाचा पट्टा तपासायला वेळ. उलट, मोठ्या खोलीत शंभर-दीडशे जणांना एकदम बसवून पडद्यावर दाखवतात त्या राइडना पास म्हणजे पैसे वाया. रांग लांब दिसते, पण एका फेरीत सगळी आत जाते. पाण्याच्या घसरगुंड्यांवर पास चालतो का हे विचारूनच घ्या. तिथं बऱ्याचदा माणसांपेक्षा रिकाम्या ट्यूबची वाट बघावी लागते, आणि ती पासवाल्यालाही बघावी लागते.

माझा नियम सांगते. आदल्या दिवशी नाही, आत गेल्यावर पास घ्या. तासभर फिरा, दोन-तीन मोठ्या रांगा मोजा. प्रत्येकीत चाळीस मिनिटांवर जात असतील आणि घरातली दोघं-तिघं त्या सगळ्या राइडवर उंचीनं बसू शकत असतील, तर घ्या. एरवी नको. फार गर्दीच्या दिवशी पास संपतात, ते धरून चला.

सकाळी फाटक उघडल्यावर सगळे समोर दिसेल त्या पहिल्या राइडला उभे राहतात. तुम्ही थेट सगळ्यात मागच्या टोकाला जा आणि तिथून उलटं येत चला. पाण्याच्या राइड उशिरा सुरू होतात, त्याआधीच जमिनीवरच्या मोठ्या उरकून घ्या. गरगर फिरवणाऱ्या राइड जेवणाच्या आधी. रोलर कोस्टरनं ओकारी होत नाही एवढी त्या गोल फिरणाऱ्यांनी होते. कोस्टरला भीती वाटत असेल तर मधल्या रांगेत बसा. मागच्या रांगेला चढावरून खाली ओढताना सगळ्यात जोराचा हिसका बसतो, पुढच्या रांगेला समोरचं सगळं दिसतं. इमॅजिकाच्या नायट्रोमध्ये पायाखालची फळी सरकून पाय अधांतरी राहतात, त्यामुळे सैल चपला आधीच काढून ठेवाव्या लागतात. मागून पट्टा असलेली सँडल घाला. चष्म्याला दोरी लावा.

घरात कुणाला बीपी, पाठीचं दुखणं, दिवस गेलेले असतील तर मोठ्या राइड नाहीत. यात तडजोड नको. आणि उंची कमी असलेल्या मुलासोबत खाली कोण थांबणार, हे घरीच ठरवा. एकच माणूस दिवसभर खाली नको, पाळी लावा. बाहेर थांबलेल्याला त्याच रांगेतून नंतर सोडतात का, हे तिथल्या माणसाला विचारायला लाजू नका.

कपडे. पाण्यात सुती चालत नाही. नायलॉन किंवा पॉलिस्टरचेच घ्या, नाहीतर तिथं विकत घ्यावे लागतात. सुका जोड, टॉवेल, ओल्यासाठी प्लॅस्टिकची पिशवी. आतमध्ये बाहेरचं खाणं नेऊ देत नाहीत, पण प्रवासाला दशम्या आणि शेंगाचटणी बांधा, रेल्वेतलं खाऊन पोटं बिघडवून घेऊ नका. बाकी पाण्याची बाटली, औषधं, चार्जर तुम्हाला माहीत आहे.

बेंगळूर स्टेशनवरून मेट्रोची जांभळी लाइन चल्लघट्टापर्यंत जाते, पुढे बिडदीची बस. परतीचं रेल्वे तिकीट जातानाच काढा, सुट्टीत मिळत नाही. पाण्यातून वेळेत बाहेर या, कपडे बदलायलाच तास जातो. दुसऱ्या दिवशी शाळा-ऑफिस ठेवू नका.

आणि उंची. रेल्वेचं आरक्षण केलंत, पण उंची मोजली नाही, तर ती आज रात्री मोजा. आमच्या स्वयंपाकघराच्या चौकटीवर धाकट्याच्या तीन खुणा आहेत. परवा रात्रीची 139 आणि वर थोडी. यंदा त्याचा पास काढलेला नाही, आणि का नाही ते त्याला सांगितलंय. टेप त्यानं स्वतः धरली होती.