असेसमेंटच्या आदल्या महिन्यात फायली रंगवणाऱ्यांनो, या चुका टाळा

"मॅडम, पुढच्या महिन्यात असेसर (तपासायला येणारे) यायचेत. तेवढं फायलींचं बघता का?" असा फोन मला वर्षातून सात-आठदा तरी येतो. सांगली, तासगाव, विटा, कुठूनही. डॉक्टरांचं वीस-तीस खाटांचं हॉस्पिटल असतं, विम्याच्या कॅशलेससाठी एनएबीएचचा, म्हणजे हॉस्पिटलच्या दर्जाच्या मान्यतेचा, विषय निघालेला असतो आणि एनएबीएच म्हणजे कपाटभर फायली अशी त्यांची समजूत असते. मी अकरा वर्षं मिरजेत वॉर्डात सिस्टर होते, मग क्वालिटीच्या कामाला लागले. त्याच त्या चुका बघून वैताग आलाय.

सगळ्यात डोक्यात जाणारी चूक म्हणजे रजिस्टर एका बैठकीत भरणं. औषधांच्या फ्रीजचं तापमान २ ते ८ अंशांत ठेवायचं आणि सकाळ-संध्याकाळ लिहायचं, काम एवढंच. तरी महिनाअखेरीला कुणीतरी बसतं आणि ४, ५, ४, ५ असं स्वेटर विणल्यासारखं पान भरून टाकतं. ओळखायला अवघड नाही. शाई एक, अक्षर एक, कुठे खाडाखोड नाही, पान नवंकोरं.

ऑगस्ट २०१९ चा पूर आठवत असेल. सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी ४५ फूट, आणि पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. मी तेव्हा ज्या हॉस्पिटलचं काम बघत होते (नाव राहू दे) तिथे तळमजल्यावर छातीभर पाणी. पेशंट आधीच मिरजेला हलवले होते. औषधांचा फ्रीज पहिल्या मजल्यावर, कोरडा ठणठणीत. पण सहा दिवस लाईट नाही आणि इमारतीत माणूस नाही. पाणी उतरलं, चिखल उपसला, लाईट आली, फ्रीज पुन्हा घरघरायला लागला. एका ब्रदरने रजिस्टर उघडलं. मधले रकाने रिकामे बरे दिसत नाहीत म्हणून त्याने ते भरून टाकले. फार्मासिस्टच्या स्वतःच्या घरात पाणी शिरलेलं, तो चार दिवसांनी कामावर आला. त्याने चार्ट बघितला, फ्रीज इन्व्हर्टरवर चालला असेल असं धरलं आणि सगळा स्टॉक तसाच ठेवला.

नोव्हेंबरमध्ये असेसर आले. रजिस्टर चाळता चाळता ऑगस्टवर थांबले. "सिस्टर, आठ तारखेला सकाळी चार अंश, संध्याकाळी पाच. रीडिंग घ्यायला होडीतून येत होता का?"

मला आधी हसू आलं आणि लगेच पोटात गोळा आला. एनसी (निकष पाळला नाही असा शेरा) लागली, ती लागणारच होती. पण मी रात्री दहापर्यंत स्टॉकबुक घेऊन बसले ते वेगळ्याच कारणासाठी. फ्रीजमधलं इन्सुलिन, ऑक्सिटोसिन (बाळंतपणानंतरचा रक्तस्राव थांबवायचं इंजेक्शन), धनुर्वाताची लस, सगळं एव्हाना वापरून संपलं होतं. न उघडलेलं इन्सुलिन बाहेरही काही दिवस तग धरतं, त्याची तेवढी काळजी नव्हती. पण सप्टेंबरमध्ये एका बाळंतिणीचं रक्त थांबायला फार वेळ लागला होता. ती वाचली, बाळ घेऊन घरी गेली. तिला दिलेलं ऑक्सिटोसिन त्या सहा दिवसांतलं होतं का, त्याचा जोर गेला होता का, हे आजही कुणाला सांगता येणार नाही.

तेव्हापासून माझी पद्धत अशी. रजिस्टर नर्सिंग स्टेशनवर नाही, फ्रीजलाच दोरीने बांधायचं, पेनसकट. रीडिंग चुकलं तर लाल शाईत "घेतलं नाही" लिहायचं आणि पुढे जायचं. लाईट बराच वेळ गेली तर आतल्या मालावर "वापरू नये" अशी चिठ्ठी लावायची आणि निर्णय फार्मासिस्टने घ्यायचा. सगळ्यात कमी आणि सगळ्यात जास्त तापमान लक्षात ठेवणारा थर्मामीटर काही शे रुपयांत मिळतो, तो घ्याच. आणि रिकाम्या रकान्यावरून पोरींना ओरडू नका. ओरडलात की त्या भरायला शिकतात.

बारक्या चुका भराभर सांगते. वापरलेल्या सुईला पुन्हा टोपण लावू नका, सुई कापायचा हब कटर शोभेला ठेवलेला नसतो. पिवळ्या बॅगेतला कचरा ४८ तासांच्या वर साठवू नका, "गाडी आलीच नाही" हे जैववैद्यकीय कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांत बसत नाही. हॅन्डरबच्या (हात निर्जंतुक करायच्या द्रवाच्या) बाटल्या असेसमेंटच्या सकाळी भरल्या की पंप दाबताना हवा येते, ते लगेच कळतं. संमतीपत्र इंग्रजीत आणि सही करणारी आजी फक्त मराठी वाचणारी, हे तर रोजचंच.

आता दुसरी लाडकी चूक, विकत आणलेलं मॅन्युअल. पेन ड्राइव्हमध्ये मिळतं. त्यात हॉस्पिटलचं नाव बदललं की झालं, असं सांगणारे कन्सल्टंट आहेत आणि त्यांचं बरं चाललंय. एका डॉक्टरांनी असलंच पुण्याकडचं मॅन्युअल घेतलं. त्यांच्या पुतण्याने कॉम्प्युटरवर एका दणक्यात सगळीकडे "पुणे" काढून "सांगली" घातलं. परिणामी रुग्णवाहिकेच्या प्रकरणात "सांगली-मुंबई द्रुतगती मार्ग" अवतरला. आग लागली तर जमायची जागा "बेसमेंट पार्किंग". दुमजली इमारत, बेसमेंटच नाही. आणि कृष्णेपासून हाकेच्या अंतरावरच्या त्या हॉस्पिटलच्या आपत्ती आराखड्यात पुराचा शब्द नव्हता.

मी तो गठ्ठा बाजूला ठेवला आणि मावशी, वॉर्डबॉय, वॉचमन यांना चहाला बसवलं. २०१९ ला काय केलं होतं ते विचारलं. त्यांनी सांगितलं तेच लिहून काढलं. ३५ फुटांना जनरेटरचं डिझेल आणि ऑक्सिजनचे सिलिंडर वर चढवायचे. ४० ही इशारा पातळी, तिथे नवी भरती बंद आणि असलेले पेशंट मिरजेला हलवायला सुरुवात. रोज आयर्विनची पातळी कोण बघणार, त्याचं नाव. दीड पानात मावलं. डॉक्टर म्हणाले, "एवढंच? असेसरला कमी नाही वाटणार?"

वाटलं नाही. असेसर जिन्यात फरशी पुसणाऱ्या मावशींजवळ थांबले. आग लागली तर काय करणार, असं विचारलं. मावशी म्हणाल्या, "सायेब, मला वाचता येत न्हाई. पर आधी वरच्या बाळंतिणींना उठवायचं, मागच्या जिन्यानं खाली आणायचं आन् पिंपळाखाली मोजायचं." असेसरांनी खिडकीतून पिंपळ आहे का ते बघितलं आणि टिक केली.

सरकारी दवाखान्यांतल्या एनक्यूएएसवाल्यांनीही (तिथल्या दर्जाच्या राष्ट्रीय निकषांचं काम बघणाऱ्यांनी) हे लक्षात घ्यावं. ७० टक्के गाठायचे म्हणून नोंदींच्या मागे लागता, पण त्या चेकलिस्टमध्ये तपासायचे मार्ग चार आहेत. डोळ्यांनी बघणं, कर्मचाऱ्यांना विचारणं, नोंदी बघणं आणि पेशंटला विचारणं. कागद त्यातला एकच.

आणि "दोन महिन्यांत करून द्या" म्हणू नका. खाटा पन्नासपेक्षा कमी असोत की जास्त, हात धुवायची सवय दोन महिन्यांत लागत नाही. मला तरी कुणाला लावता आलेली नाही.

हल्ली असा फोन आला की मी फायलींचं बोलतच नाही. म्हणते, आत्ताच्या आत्ता फ्रीजवरच्या रजिस्टरचा फोटो पाठवा. काहींचा पाच मिनिटांत येतो, त्यात दोन-तीन रकाने रिकामे असतात. ते काम मी घेते. काहींचा दुसऱ्या दिवशी येतो, सगळे रकाने भरलेले, एकाच शाईत.