जुना फ्लॅट, घरात लहान मुलं: कामाला हात कुठून घालायचा

टाइल्स निवडण्याआधी मेन स्विच बंद करून इलेक्ट्रिशियनकडून दोन-तीन बोर्ड उघडून घ्या. सॉकेटला अर्थिंगची तार नसेल किंवा तारेचं आवरण वाकवल्यावर तडकत असेल, तर अख्खं वायरिंग बदला. दिव्यांना १.५, सोळा अँपिअरच्या सॉकेटला २.५ आणि गिझर-एसीला ४ चौरस मिलिमीटरची तांब्याची तार घाला. ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंटची गळती होताच वीज तोडणारा स्विच, हवाच. जादा करंटला पडणारा एमसीबी तार वाचवतो, माणसाला नाही. सॉकेट शटरवालेच घ्या, म्हणजे प्लग नसताना भोकं आतून झाकलेली राहणारे. झिऱ्या (तारा-पाइपांसाठी भिंतीत पाडायच्या खाचा) मारताना कॉलम-बीमला छिन्नी लावू देऊ नका.

खरं जिकिरीचं काम बाथरूमचं. जुन्या टाइल्सवर नव्या चिकटवणं म्हणजे गळती झाकून ठेवणं. स्लॅबपर्यंत फोडा, गंजके लोखंडी पाइप काढा आणि नव्या लायनीला दाब देऊन बघितल्याशिवाय झिऱ्या बुजवू नका. मग भिंत आणि जमीन मिळते त्या कोपऱ्यात सिमेंटचा वाटा, म्हणजे गोलसर भराव, काढा; काटकोनात कोटिंग हमखास चिरतं. वॉटरप्रूफिंगचे दोन हात द्यायचे, दुसरा पहिल्याला आडवा आणि पहिला वाळल्यावरच. भिंतीवर एक फूट, शॉवरच्या बाजूला सहा फूट चढवा. पाणी बहुतेकदा नहाणी ट्रॅपच्या (जमिनीतलं पाणी वाहून नेणाऱ्या जाळीखालच्या भांड्याच्या) गळ्याशी मुरतं, म्हणून तिथली फट न आकसणाऱ्या ग्राउटने भरा आणि कोटिंग ट्रॅपच्या तोंडापर्यंत न्या.

कोटिंग पुरतं वाळलं की ट्रॅप बंद करून दोन इंच पाणी ४८ तास साठवा, पाण्याच्या पातळीला भिंतीवर पेन्सिलने रेघ मारा आणि खालच्यांचं छत बघून या. एवढं करूनही घात होतो तो नंतर: कमोड बसवायला प्लंबर येतो आणि त्याच कोटिंगमधून ड्रिल घालतो. स्क्रूच्या जागा त्याला आधीच विचारा. टाइल्स मॅट घ्या, उतार मीटरला साधारण १२ मिलिमीटर.

जुन्या रंगाच्या थरांत शिसं असू शकतं. कोरडं घासू नका; ओलं करून खरवडा आणि धूळ पुसून होईपर्यंत मुलांना दुसरीकडे ठेवा.

गिझर ६० अंशांवर, पण नळाला मिक्सिंग व्हॉल्व्ह लावून पाणी ४९च्या खाली. ग्रिलच्या गजांत दहा सेंटिमीटरपेक्षा कमी फट, तीही उभ्या गजांची; आडव्यांची शिडी होते.

झिऱ्या बुजवण्याआधी प्रत्येक भिंतीला मोजायची टेप लावून फोटो काढून ठेवा. उंच कपाटं भिंतीला अँगलने जखडायचीच आहेत, तेव्हा ड्रिल पाइपात जाणार नाही.