सबवूफर आणि मुख्य स्पीकर यांची जोडी : या चुका टाळा

घरात बास, म्हणजे खालचे जाड सूर, कमी पडतो अशी तक्रार करणारे बहुतेक जण आणखी मोठ्या सबवूफरची, म्हणजे फक्त बास वाजवणाऱ्या स्पीकरची, किंमत आधीच काढून आलेले असतात. आठ इंची पुरत नाही म्हणून दहा इंची, तोही पुरत नाही म्हणून बारा इंची, हा प्रकार मी इतक्या घरांत पाहिला आहे की आता सबवूफरचे नाव न विचारता सोफा कोठे ठेवला आहे, एवढेच विचारतो.

ठाण्यातील एका परिचितांचा हॉल १४ फूट लांब होता आणि मागे जेवणाचे टेबल असल्यामुळे सोफा बरोबर मध्यावर आला होता. सोफ्यावर बसून ऐकताना बास गिटारचे खालचे सूर नाहीसेच होत, तर खालच्या मजल्यावरचे शेजारी दणक्याने हैराण झाले होते. समोरासमोरच्या दोन भिंतींमध्ये ज्या ध्वनीची अर्धी तरंगलांबी नेमकी बसते, तो ध्वनी भिंतींजवळ सर्वांत जोरात आणि मध्यावर अगदी क्षीण ऐकू येतो. १४ फुटांसाठी ही कंप्रता सुमारे ४० हर्ट्झ येते, आणि बास गिटारची सर्वांत जाड तार सुमारे ४१ हर्ट्झला वाजते. अशा जागी बसून आवाज कितीही वाढवला तरी वाढ होते ती इतर सुरांची आणि शेजाऱ्यांच्या त्रासाची. टेबल भिंतीला लावून सोफा अडीच फूट मागे घेतला आणि हरवलेले सूर ऐकू येऊ लागले. बारा इंची सबवूफरसाठी दिलेली आगाऊ रक्कम मात्र दुकानदाराने परत केली नाही.

सोफ्याची जागा ठरल्यानंतरच सबवूफरची जागा शोधावी. सबवूफर तात्पुरता बसण्याच्या जागी ठेवावा, बासचा एखादा चढता-उतरता तुकडा पुनःपुन्हा वाजवावा आणि भिंतीकडेने जमिनीलगत कान नेत फिरावे; जेथे सगळे सूर सारख्या जोराने ऐकू येतात, तेथे सबवूफर न्यावा. गुडघ्यांवर रांगण्याची लाज वाटणाऱ्यांनी तो टीव्हीशेजारच्या रिकाम्या कोनाड्यात ठेवून समाधान मानावे. कोपऱ्यात आवाज वाढतो हे खरे; पण तेथे काही सूर बेसुमार घुमतात, आणि नवशिक्यांना नेमके तेच घुमणे म्हणजे उत्तम बास वाटते. १० बाय १० च्या चौकोनी खोलीत लांबी आणि रुंदी या दोन्हींचा घुमारा एकाच सुरावर, सुमारे ५६ हर्ट्झला, येत असल्यामुळे तेथे अधिकच सावध राहावे.

दुसरी हटकून होणारी चूक क्रॉसओव्हरची, म्हणजे ज्या कंप्रतेखालचा आवाज सबवूफरकडे आणि वरचा मुख्य स्पीकरकडे जातो त्या मर्यादेची, आहे. सर्व स्पीकर चालवणाऱ्या रिसीव्हरमध्ये ८० हर्ट्झची मर्यादा लावलेली असते आणि सबवूफरच्या पाठीमागचे बटणही ८० वरच असते. अशी दुहेरी गाळणी लागली की दोहोंच्या सांध्यावर खड्डा पडतो. रिसीव्हर हे काम करीत असेल, तर सबवूफरवरचे बटण कमाल मर्यादेवर ठेवावे किंवा सबवूफरची स्वतःची गाळणी टाळणारे एलएफई इनपुट वापरावे. रिसीव्हरमध्ये मुख्य स्पीकर ‘लार्ज’, म्हणजे खालचा बासही त्यांच्याकडेच पाठवणाऱ्या सेटिंगवर, ठेवण्याचा हट्टही सोडावा, कारण चार-पाच इंची वूफरला ४० हर्ट्झ वाजवायला लावणे म्हणजे त्याचा मधला आवाज बिघडवणे होय. मी बुकशेल्फ, म्हणजे फळीवर मावणाऱ्या छोट्या, स्पीकरसाठी ८० पासून सुरुवात करतो आणि स्पीकर फारच लहान असतील तर १०० ते १२० पर्यंत जातो. त्यापुढे गेल्यास पुरुषांचे आवाज सबवूफरमधून येत असल्यासारखे वाटू लागतात.

सबवूफर आणि मुख्य स्पीकर यांच्या लहरींचा मेळ जुळवणारे फेजचे बटण ० आणि १८० अंश अशा दोन्ही स्थितींत ऐकून, क्रॉसओव्हरजवळचा बास ज्या स्थितीत भरीव वाटेल तेथेच ठेवावे. रिसीव्हरचे स्वयंचलित मोजमाप झाल्यावर क्रॉसओव्हर पुन्हा तपासावा, कारण ते अनेकदा लहान स्पीकरांनाही ‘लार्ज’ ठरवते. ५० हर्ट्झची सतत घूं ऐकू येत असेल, तर प्रथम सेट-टॉप बॉक्सची केबल काढून पाहावी आणि सर्व उपकरणे एकाच एक्स्टेंशन बोर्डवर घ्यावीत. प्लगची अर्थिंगची पिन कापण्याचा सल्ला देणाऱ्याला पुन्हा घरात घेऊ नये.