ठाणे कोर्टात कातकरी साक्षीदाराला समान न्याय मिळावा म्हणून

शहापूर-मुरबाडच्या पाड्यावरच्या माणसाची बाजू पहिल्यांदा निसटते ती पत्त्यात. फिर्यादीत नुसतं गावाचं नाव असलं की नोटीस बजावली न जाता परत जाते आणि जामिनाची सुनावणी त्याच्याविना उरकते. म्हणून जबाबावर सही करण्याआधी पाडा, ग्रामपंचायत, जवळची शाळा आणि फोन लागेल अशा नातेवाइकाचा नंबर लिहून घ्या.

कातकरी ही अनुसूचित जमात आहे, म्हणून अॅट्रॉसिटी कायद्याचं (अनुसूचित जाती-जमातींवरचे अत्याचार रोखणाऱ्या कायद्याचं) कलम १५अ वकिलाच्या अर्जात नाव घेऊन मांडा. जामिनासह प्रत्येक सुनावणीची वेळेत सूचना आणि म्हणणं मांडायची संधी हा पीडिताचा हक्क आहे, कुणाची मेहेरबानी नव्हे. प्रवासखर्चही त्याच कलमात आहे. तिकिटं जपून ठेवा.

वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात अर्ज द्या, सोबत जातीचा दाखला जोडा. अनुसूचित जाती-जमातींना उत्पन्नाची अट नाही. हेल्पलाइन १५१००.

सगळ्यात जपायची गोष्ट भाषा. कोर्टाची मराठी कळली नाही तरी घाबरलेला साक्षीदार "हो" म्हणतो, आणि उलटतपासणीत तोच "हो" विसंगती ठरतो. दुभाषासाठी लेखी अर्ज साक्षीच्या दिवशी नको, आधीच्या तारखेलाच द्या. "कळलं नाही, परत सांगा" हे वाक्य त्याच्याकडून मोठ्याने म्हणवून घ्या.